दिराची रेसची गाडी

कच्च्या पेट्रोलचा वास आला की पारोळ्याजवळची ती दुपार आठवते. वडील अत्यवस्थ असल्याचा धुळ्याहून निरोप आला, म्हणून दीर मला त्याच्या गाडीतून घेऊन निघाला. गाडी त्यानं रेसची करून घेतलेली. सायलेन्सर मोठा, सीटला चार पट्ट्यांचा बेल्ट. वाटेत गाडी गचके देत बंद पडली. “ऑक्सिजन सेन्सर गेला वहिनी, इंजिनात पेट्रोल जास्त जातंय, पाच मिनिटं बसा,” म्हणत त्यानं बॉनेट उघडलं. तेवढ्यात मागून धुळ्याला जाणारी बस येऊन थांबली. “कोनी शे का धुयाले?” कंडक्टर ओरडला. मला बेल्ट सोडता येईना, आणि छातीवरचा खटका काढून द्या, असं दिराला कसं सांगणार? बस गेली. आम्ही पोचलो तेव्हा वडील गेले होते. सेन्सरमुळे उशीर झाला, असं दीर आजही सगळ्यांना सांगतो. मी नुसती मान हलवते.