द्राक्षांसाठी उंच केलेली गाडी

परवा पेठ रोडच्या पेट्रोल पंपावर एक पिकअप पाहिली. खालून शेळी उभ्यानं निघून जाईल एवढी उंच केलेली. चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली. गाडीवाल्याला विचारलं, काय वाहता? तो म्हणाला, काही नाही बाबा, दिसायला केलीय. म्हटलं, मग ठीक आहे. जिच्यात काही न्यायचंच नाही ती गाडी कशीही उंच करा, कुणाचं काय बिघडतंय.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण गाडी उंच कशी करायची ते मला कुणी शिकवू नये. आम्ही केलीय. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको. ती या माघात गेली. आता ‘आम्ही’ म्हणायचं सोडा असं लोक सुचवतात. मी सोडणार नाही.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. माझ्याकडे लिलावातून घेतलेली मिल्ट्रीची जुनी जीप होती. मागचा भाग कापून लाकडी हौदा बसवलेला. आमच्या भागात तेव्हा तिलाच पिकअप म्हणायचे. भाजीपाला, खताच्या गोण्या, कधी लग्नाची भांडी, पडेल ते वाहायचो.

बायकोचं माहेर दिंडोरीच्या अंगाला. तिच्या भावानं पहिल्यांदाच द्राक्षबाग लावली होती. बाप विरोधात. म्हातारा म्हणायचा, माल काढून ओढ्याच्या अलीकडे आणणार कसा? आणि ते खोटं नव्हतं. बाग ओढ्याच्या पलीकडे, ओढ्यात म्हशीएवढे धोंडे. व्यापाऱ्याचा ट्रक सडकेवरच थांबायचा. म्हाताऱ्यानं सांगून टाकलं होतं, पहिला माल वाया गेला तर मांडव उपटायचा आणि कांदा लावायचा. तेव्हा ही भर ओसरीवर बोलून गेली की आमची गाडी बागेत येईल. मला न विचारता. घरी आल्यावर मी म्हटलं, आपली गाडी तिथं पोटावर आपटेल. ती म्हणाली, “मग उंच करा.” आणि भाकरी थापायला बसली.

द्वारका चौकाजवळ ट्रकचं काम करणारा एक मिस्त्री माझ्या ओळखीचा होता. त्यानं गाडी नुसती पाहिली आणि सांगितलं, ट्रकचे जाड पाटे वाढवू. पाटे म्हणजे चाकाच्या वर एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर सगळी गाडी तोललेली असते. तेव्हा सगळे हेच करायचे. वाळूवाले, विटावाले, सगळे. मीही हो म्हटलं. गाडी झकास उंच झाली. मी ती गल्लीतून मुद्दाम दोनदा फिरवली.

बायको गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, आधी बघू. लग्नाआधी ती दुसऱ्यांच्या बागांत द्राक्षं पेटीत भरायला जायची. द्राक्षाचं तिला कळायचं. भावाकडून लवकर पिकलेले चार घड मागवले, कागदाच्या कातरणात घालून पेटीत भरले, आणि पेटी मांडीवर घेऊन ती मागं हौद्यात बसली. मी म्हटलं, पुढं बस की. ती म्हणाली, द्राक्षं पुढं बसणारेत का?

ओढा ओलांडला. ऑइलचं चेंबर वाचलं, पण मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलमधला लोखंडी गोळा धोंड्याला घासलाच. वर येऊन थांबलो. तिनं पेटी उघडली, एक घड देठाला धरून उचलला आणि हलवला. मणी पावसासारखे गळले. हातात नुसता देठांचा खराटा राहिला.

“गाडी उंच झाली,” ती म्हणाली, “पण लाकूड झाली.”

तशीच माझ्याबरोबर मिस्त्रीकडे आली. मिस्त्री हसत म्हणाला, “वहिनी, माल भरला की वजनानं पाटे दबून बसतील. मग बघा कशी पाळण्यासारखी चालते.”

“माल म्हंजे वाळू हाय का?” ती म्हणाली. “द्राक्षावर द्राक्ष किती रचणार तुम्ही? हौदा भरला तरी गाडी हलकीच राहणार. तुमचे पाटे बसायचेच नाय.”

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, माझ्याकडं काय बघतो, पाटे काढ.

इथून पुढचं डोकं माझं, हे मी ठासून सांगतो. पाटे कितीही चढवा, एक्सलमधला गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. तो वर जातो फक्त चाकानं. तेव्हा मोठी चाकं घ्यायची. पण मोठं चाक मडगार्डला घासतं, म्हणून गाडी थोडी चढवायचीच. त्यासाठी ट्रकचे पाटे कशाला? माझेच जुने, पातळ पाटे काढले आणि मालेगावला एका लोहाराकडे नेले. वर्षानुवर्षं दबून ते सपाट झाले होते. त्यानं ठोकून ठोकून त्यांना पुन्हा बाक दिला. पट्टी तीच, नरमाई तीच, उंची मात्र वाढली.

चाकांवरून पुन्हा वाद. मिस्त्रीला रुंद टायर बसवायचे होते, दिसायला भारी म्हणून. मी उंच आणि अरुंद घेतले. रुंद टायर चिखलावर तरंगतो. अरुंद चिखल कापून खालच्या दगडाला पाय लावतो. वर रुंद चाक बाहेर आलं की सगळा राडा हौद्यात उडतो, तो द्राक्षांवर कोण झेलणार? आणि शेवटची गोष्ट, हवा कमी ठेवली. नेहमी भरतात तेवढी नाही, म्हणजे दगडाचा धक्का टायरच खातो, पेटीपर्यंत येत नाही. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. स्टेअरिंग जड झालं, मान्य. माझे दंड कशासाठी होते?

तिला चढायला आता अवघड जायचं. मिस्त्रीनं पायरी लावून देतो म्हटलं. तिनं नको सांगितलं, खाली लोंबणारी पायरी धोंड्याला पहिली लागेल. काष्टा घट्ट करून ती चाकावर पाय देऊन चढायची. कुणाचा हात घ्यायची नाही, माझासुद्धा.

पहिली तोड निघाली त्या सकाळी म्हातारा ओढ्याच्या काठावर येऊन उभा राहिला. हौद्यात पेट्या, मधे ही. पाणी गुडघाभर. मी पहिला गिअर टाकला आणि मागं न बघता गाडी सोडली. मधल्या मोठ्या धोंड्यावर गाडी एका अंगावर झुकली, हळूच बसली, आणि सरळ झाली. कुठंच काही घासलं नाही. सडकेवर व्यापाऱ्यानं स्वतः पेटी फोडली, मधला घड देठाला धरून हलवला. दोन मणी पडले. त्यानं ते तोंडात टाकले आणि बाकीच्या पेट्या न उघडता ट्रकमध्ये चढवल्या.

म्हातारा ओढा तुडवत मागं चालत आला होता. मला एका शब्दानं बोलला नाही. लेकीला म्हणाला, “तुझ्या भावाला सांग, वरचा तुकडाबी लावून टाक.” ती रात्रीपर्यंत हसत होती. त्यानंतर कित्येक हंगाम त्याच गाडीनं त्या बागेचा माल काढला. आता ओढ्यावर पूल आहे. गाडी भंगारात गेली.

ती गेल्यावर, सुतक फिटलं तेव्हा मेहुणा भेटायला आला. द्राक्षांची पेटी घेऊन. दुःखाच्या घरी काय द्राक्षं आणायची, असं कुणीतरी पुटपुटलं. मी पेटी उघडली, घड देठाला धरला आणि हलवला. एक मणी पडला नाही.

“कोणती गाडी?” मी विचारलं.

“नवी घेतली, दाजी. पण हवा कमीच ठेवतो,” तो म्हणाला. “अक्का प्रत्येक हंगामाला टायरला लाथ मारून बघायची.”

ही लाथ मला माहीत नव्हती. घड सगळ्यांना वाटला आणि मी बाहेर जाऊन त्याच्या टायरला एक लाथ मारली. हवा बरोबर होती.