एकटा जेवणारा माणूस

लग्नाला दोन वर्षं झाली तरी मी कोरीटला सासरी आणि आमचे हे सुरतेला, गिरणीत. मला तिकडे जायचं होतं. पण सासूबाईंचं एकच पालुपद, "कपाशी कोन वेचस मंग, तुन्हा बाप?" सुनेनं नवऱ्याची ओढ बोलून दाखवली की गावभर डांगोरा.

त्या वर्षी हे सुट्टीवर आले तेव्हा नंदुरबारला तंबूत बोलपट लागला होता. गाडी जुंपून आम्ही तिघं दिवेलागणीच्या खेळाला गेलो. बायका कनातीच्या अलीकडे, पुरुष पलीकडे.

बोलपट कसला, त्यात कोणी बोलतच नव्हतं! मोठं शहर, एक माणूस. कामावर जातो, परत येतो. जिन्यात माणसं भेटतात, पण "काय रे" म्हणून कोणी विचारत नाही. ना गाणं, ना मारामारी. शेवटी तो ताट वाढून घेतो आणि घास हातात धरून भिंतीकडे बघत बसतो. बसतो म्हणजे बसतोच.

आमच्याकडे भाकरीचं फडकं सोडलं की शेजारच्याला विचारल्याशिवाय घास उचलत नाहीत, मग तो वैरी का असेना. सासूबाईंना राहवेना. उभ्या राहून ओरडल्या, "ओ भाऊ! एकला का जेवस रे? आठे ये, आमना जोडे बठ!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "मिरचीना ठेचा बी शे!" तंबूभर हशा पिकला.

तेवढ्यात चित्र संपलं. लोक उठेनात. पुढं काय झालं ते सांग, म्हणून तंबूवाल्याला घेरलं. "काही नाही झालं" म्हणाला, तर कोणी ऐकेना. शेवटी बिचाऱ्यानं हात जोडून सांगितलं, त्याला शेजारणीनं जेवायला बोलावलं. तेव्हा कुठं तंबू रिकामा झाला.

परतताना गाडीत सासूबाई लेकाला म्हणाल्या, "तू बी तठे असाच जेवस का रे?"

"नही वं माय! शेजारपाजार ढीगभर शे," हे हसले, पण बैलांकडे बघून हसले.

सकाळी सासूबाईंनी माझी पेटी स्वतः ओसरीवर आणून ठेवली.

"आणि कपाशी?" मी विचारलं.

"मी वेचसू. मन्हा हात मोडना नहीत."

मी सरळ त्यांच्या गळ्यात पडले. "चल, लाड पुरे!" म्हणून त्यांनी मला ढकललं आणि पदरानं डोळे पुसले.

सुरतेत पहिल्याच सकाळी, सवयीप्रमाणे गोवरीचा तुकडा घेऊन समोरच्या दारी विस्तव मागायला गेले. बाईनं दार उघडलं, मला पाहिलं, आमच्या खोलीकडे पाहिलं.

"आ खोलीमां कोई रहे छे? अमे तो समज्या, खाली छे!"

म्हणजे इतके दिवस खोली रिकामीच वाटत होती त्यांना! मी मागं वळून बघितलं. आमचे हे दारात उभे होते, मान खाली घालून.

"रहे छे," मी म्हटलं, "हवे बे जण रहे छे!" दोन बोटं दाखवली आणि तिच्या उंबऱ्यातच बसकण मारली.