नदीकडचा दरवाजा

"हा मागचा दरवाजा आधी चिणून टाकायचा," रावसाहेब म्हणाले.

अक्कांच्या हातातला पन्ह्याचा तांब्या जागच्या जागी थांबला. मी मनात म्हटलं, गेला सौदा.

ही धुळ्यातली गोष्ट. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी घरं आणि प्लॉट यांच्या खरेदी-विक्रीचं काम करत होतो. लोक सरळ दलाल म्हणत. माझ्या पाटीवर मात्र 'हाऊस अँड लँड एजंट' असं होतं आणि नावापुढे बी. ए. डिग्री पाटीवर घालायची हौस माझ्या वडिलांची. सावद्याला दुसऱ्याच्या केळीच्या बागांना पाणी भरून त्यांनी मला शिकवलं. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट दलाली करतो याचं त्यांना वाईट वाटलं असेल, पण कधी बोलले नाहीत. "खोटं न बोलता जमत असंल तर कर," एवढंच म्हणाले. ते वाक्य मी धंद्यात जपलं.

अक्कांचं घर पांझरेच्या काठावर होतं. पुढच्या अंगाला गल्ली. मागच्या अंगाला एक दरवाजा, आणि त्यातून पायऱ्या उतरून सरळ नदीचं पात्र. अक्का एकट्या राहत. मुलगा जळगावला नोकरीला लागला होता, त्याच्याकडे त्यांना जायचं होतं. घराचं टायटल क्लिअर होतं, म्हणजे मालकीबद्दल कुणाचा वाद नव्हता. अडचण एकच होती. मागचा दरवाजा बंद करणार नाही असं जो कबूल करील त्यालाच अक्का घर देणार होत्या. ह्या अटीपायी आलेली गिऱ्हाइकं परत गेली होती.

दरवाजाचं कारण आखाजी. बाकी महाराष्ट्र ज्या दिवसाला अक्षय्य तृतीया म्हणतो, ती आमची आखाजी. खानदेशात बायकांचा एवढा मोठा सण दुसरा नाही. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. नदीच्या त्या टापूत आणखी एक चाल होती. दोन्ही काठांवरच्या बायका वाळूत उतरायच्या आणि पाण्याच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहून एकमेकींना शिव्या द्यायच्या. नुसत्या नाही, गाण्यातून. शिवी चालीत बसली पाहिजे आणि उलटून आलेली शिवी हसून घेतली पाहिजे. राग दुसऱ्या दिवसावर न्यायचा नाही. अक्कांच्या गल्लीतल्या बाया नदीवर जायच्या त्या अक्कांच्या घरातून, त्या दरवाजातून. सासूच्या सासूपासून चालत आलेलं होतं.

मी सावद्याचा, लेवा बोली बोलणारा. आमच्याकडे झोके आणि गाणी होती, पण हे शिव्यांचं प्रकरण मी फक्त ऐकलं होतं. म्हणून रावसाहेबांना म्हटलं होतं, "सणाचा दिवस टाळा. आणि त्या घराची दरवाजाबद्दल एक अट आहे, ती ऐकून घ्या."

"दरवाजाचं समक्ष बघू," ते म्हणाले. "पण इसार द्यायचा तो अक्षय्य तृतीयेलाच." इसार म्हणजे सौदा ठरल्याची खूण म्हणून आगाऊ द्यायची रक्कम. मुहूर्तापुढे दलालाचं काही चालत नाही.

रावसाहेब शिक्षण खात्यातून रिटायर झाले होते. मूळचे साताऱ्याचे. दम्याचा त्रास, म्हणून कोरड्या हवेचं गाव पाहिजे होतं. "धुळं ह्यांनीच सुचवलं," असं त्यांनी टांग्यात पत्नीकडे मान करून सांगितलं होतं. "ह्यांचं माहेर होतं म्हणतात इकडं. चुलत्यांकडे वाढल्या. लग्नानंतर चुलतेही गाव सोडून गेले. आता कुणी नाही." वहिनी बाहेर बघत होत्या. स्टेशनपासून घरापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. घर बघतानाही नाही. रावसाहेबांनी स्वयंपाकघराबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

तर, दरवाजा. अक्कांनी तांब्या खाली ठेवला.

"का बरं चिणता साहेब?"

"धूळ येते. शिवाय हा गोंगाट." नदीकडून डफाचा आणि हसण्याचा आवाज येत होता. "रोज असतो का हा?"

"वरीसनी आखाजीले," अक्का म्हणाल्या. "आज बठ्ठी गल्ली आठेथून जाई. तुम्ही बसा, निस्तं बघा."

आणि खरंच, पुढच्या दाराने बाया यायला लागल्या. नवी लुगडी, हातात बांगड्यांचे चुडे, कुणाच्या कडेवर पोर. "अक्का, येतो व माय," असं म्हणत म्हणत त्या माजघरातून, रावसाहेबांच्या खुर्चीला वळसा घालून, मागच्या दरवाजाने खाली उतरत होत्या. एकीने जाता जाता त्यांच्याकडे बघून म्हटलं, "पाव्हना कोन शे व अक्का, फोटोमा बसेल शे का?" सगळ्या हसल्या. रावसाहेबांनी पाय खुर्चीखाली घेतले.

"चौधरी," ते मला म्हणाले, "हे घर आहे की धर्मशाळा?"

मी दोन्ही बाजू सांभाळायला बघत होतो. अक्कांना म्हटलं, दरवाजा ठेवून बाहेरून जाळी लावली तर? रावसाहेबांना म्हटलं, वर्षाचा एकच दिवस आहे. दोघंही ऐकत नव्हती. रावसाहेबांनी इसाराचं पाकीट कोटाच्या आतल्या खिशात परत ठेवलं आणि गुंडी लावली. माझ्या धंद्यात गुंडीचा अर्थ चांगला कळतो.

खाली गाणी सुरू झाली होती. आमच्या काठाची गाणारी मोठ्या गळ्याची होती. पलीकडच्या काठाला तसा गळा नव्हता. त्यांची एक म्हातारी गायची, पण दम पुरायचा नाही, आणि अलीकडच्या बाया टाळ्या पिटायच्या.

मग पलीकडची बाजू एकदम गप्प झाली. आणि त्या शांततेत एक नवाच आवाज उठला. उंच, धारदार, जराही न थरथरणारा:

"तथल्या बाया भाकर थापतस जाडी,
म्हैसले वाढी ते तिनी मान करी वाकडी!"

पलीकडच्या काठावर जो आरडाओरडा झाला तो मी विसरणार नाही. रावसाहेबांनीही मान वर केली. "आवाज बाकी खणखणीत आहे," ते म्हणाले. "कोण आहे ही?"

मी दरवाजात गेलो आणि तिथेच खिळलो.

वहिनी पाण्यात उभ्या होत्या. वैशाखातली पांझरा ती, घोट्याएवढीच धार. त्यात त्या पदर खोचून, एक हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या, तोंड आमच्याकडे. बायांच्या घोळक्यात त्या कधी उतरून गेल्या ते आम्हाला कळलंच नव्हतं. आमच्याच काठावरून गेल्या होत्या आणि आमच्याच काठाला शिव्या देत होत्या.

"रावसाहेब," मी म्हटलं. आणि खाली बोट दाखवलं.

ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. तेवढ्यात दुसरी शिवी आली. ती सरळ अक्कांच्या घराला होती. पायऱ्या अशा तुटक्या, की उतरणाऱ्या सुना नदीत नाहीत, सासरच्या शिव्यांत पडतात, अशा अर्थाची. ज्या घराचं पन्हं पिऊन पेला अजून वाळला नव्हता, त्या घराला!

रावसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. "ही कोणती भाषा बोलतेय?" त्यांनी विचारलं.

"अहिराणी."

"हिला येते?"

हे ते मला विचारत होते. तीस-एक वर्षं संसार त्यांनी केला होता.

पलीकडची ती दम संपलेली म्हातारी वाळूतून धडपडत पुढे आली. डोळ्यांवर हात धरून तिने बघितलं आणि ओरडली, "चंद्री! अव चंद्री शे का तू? इतला वरीस कोठे व्हती व बहीन?"

"चंद्री कोण?" रावसाहेब म्हणाले. घरात त्या विमलाबाई होत्या. लग्नात नाव बदलल्यावर जुनं नाव कुणी रावसाहेबांना सांगितलंच नव्हतं, की ते विसरले होते, देव जाणे.

वहिनी त्या म्हातारीच्या गळ्यात पडल्या. वहिनींचं माहेर पलीकडच्या काठाचं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. मग वहिनी डोळे पुसून परत वळल्या आणि तिसरी शिवी दिली. ही मी लिहीत नाही.

मी अक्कांकडे वळलो. माफी कशी मागावी याची वाक्यं मी मनात जुळवत होतो. अक्का उंबऱ्यावर बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"भाऊ," त्या मला म्हणाल्या, "घर ह्या बाईलेच देसू. दुसरं कोनले नही."

"अक्का, त्यांनी तुम्हाला शिव्या दिल्या."

"मंग? तीस वरीसथून पलीकडे गानारी नही. आम्हन्या पोरी फुकट जितस. मजा काय तेन्हामा?"

वहिनी वर आल्या तेव्हा लुगड्याचा काठ ओला होता आणि श्वास लागला होता. नवऱ्याला बघून त्यांनी पदर सोडला आणि नीट केला. क्षणभर पुन्हा त्या टांग्यातल्या बाई झाल्या.

"तू हे कधी बोलली नाहीस," रावसाहेब हळूच म्हणाले. रागाने नाही. माणूस हरवलेली वस्तू स्वतःच्याच घरात सापडल्यावर बोलतो तसं.

"कुणाला म्हणून दाखवणार?" वहिनी म्हणाल्या. "साताऱ्यात पलीकडच्या काठावर कोण होतं माझं?"

"आणि दम्याला कोरडी हवा?"

"हवा कोरडी आहेच की."

रावसाहेब बराच वेळ दरवाजाच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. मग त्यांनी कोटाची गुंडी काढली.

इसार अक्कांनी घेतला. अट खरेदीखतात घालू का, असं मी विचारलं. अक्का नको म्हणाल्या. वहिनींकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाई अट शे ना."

पुढच्या आखाजीला मी मुद्दाम गेलो. मला एक शंका होती. आता वहिनी अलीकडच्या काठावर राहत होत्या, मग गाणार कुणाकडून? विचारलं तर त्या माझ्यावरच उखडल्या. "घर घेतलं म्हणून माहेर बदलतं का हो चौधरी?" आणि मागच्या दरवाजाने उतरून, पाणी ओलांडून, पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

जळगावहून अक्का आल्या होत्या. त्या आणि रावसाहेब पायरीवर बसले होते. वहिनींनी सुरुवातच रावसाहेबांपासून केली. तेही आता अलीकडच्या काठाचे ना. दम्याचा भाता आणि मुहूर्त बघून शिंकणारा नवरा, असं काहीतरी होतं. सगळी नदी हसली.

"काय म्हणाली?" रावसाहेबांनी मला विचारलं.

मी जमेल तेवढं मराठीत सांगितलं. ते खाली बघून हसले. मग म्हणाले, "चौधरी, अहिराणी शिकवणारा कुणी मिळेल का? उलट उत्तर द्यायला पाहिजे."

"पुरुषांनी द्यायचं नसतं साहेब."

"अरेच्चा," ते म्हणाले आणि निमूट ऐकत बसले.

त्यानंतर मी पुष्कळ घरं विकली. पाणी कुठून येतं, ऊन कुठल्या बाजूचं, टायटल कसं आहे, हे सगळं गिऱ्हाइकाला सांगत आलो. पण त्या दिवसापासून घर दाखवायला निघण्याआधी एक प्रश्न मी बाईमाणसाला आवर्जून विचारतो. माहेर कुठल्या काठाचं?