पुरणपोळीची बँक कशी बुडाली

आमच्या घरात एक बँक होती आणि ती होळीच्या दिवशी सकाळी बुडाली. ठेवी सगळ्या पुरणपोळीत होत्या. चेअरमन, मॅनेजर आणि आर्थिक सल्लागार मीच. आई फक्त पोळ्या लाटायची.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. परळची चाळ सोडून आम्ही नुकतेच मीरा रोडला, सिल्व्हर पार्कजवळ फ्लॅटमध्ये आलो होतो. बाबा खूश होते (घरातल्या घरात संडास म्हणजे काय सुख, ते चाळीत राहिलेल्यालाच विचारा). मीही खूश होतो. आई मात्र दिवसेंदिवस गप्प व्हायला लागली. लिफ्टमध्ये बायका भेटायच्या, तोंडभर हसायच्या आणि आपापल्या मजल्यावर उतरून जायच्या. "इथे बोलायला एक माणूस नाही रे. मी काय फ्रिजशी बोलू?" असं ती म्हणायची, आणि मला खरंच वाईट वाटायचं. म्हणून संक्रांतीनंतर तिने अख्ख्या बिल्डिंगला हळदीकुंकवाला बोलवायचं ठरवलं.

"वाण काय लुटू?" असं तिने बाबांना विचारलं. उत्तर दुर्दैवाने मी दिलं.

मी तेव्हा एस.वाय.बी.कॉम.ला होतो. या वयात अर्थशास्त्र थोडं कळायला लागलेलं असतं, आणि किती कळलेलं नाही ते कळायला अजून वेळ असतो.

"साबणदाणी देऊ नकोस," मी म्हणालो. "पहिल्या साबणदाणीचा उपयोग असतो, दुसरीचा कमी, तिसरीचा त्याहून कमी. याला घटती सीमान्त उपयोगिता म्हणतात."

"मग चाळणी देऊ?"

"चाळणी नको, वाटी नको, डबी नको. कूपन दे."

कूपनावर लिहायचं, 'पाच पुरणपोळ्या, वर्षभरात कधीही.' ज्या बाईला जेव्हा हव्या तेव्हा तिने दार वाजवायचं. म्हणजे एकदाच हळदीकुंकू, पण बायका वर्षभर येत राहणार. आईचे डोळे चमकले. पण ती चाळीत वाढलेली बाई, पुढचा प्रश्न तिने विचारलाच. "आणि सगळ्या एकदम आल्या तर?"

मी हसलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. "आई, असं होत नाही. बँकांचा सगळा धंदा यावरच चालतो. सगळे खातेदार एकाच दिवशी पैसे काढायला येत नाहीत. कोणी विसरतं, कोणाचं कूपन हरवतं. परवाच सरांनी शिकवलं."

"शिकतोय तो, ऐक त्याचं," बाबा पेपरातून म्हणाले.

नाक्यावरच्या सायबर कॅफेत मी नक्षीच्या किनारीची कूपनं छापून आणली. शिवाय धंद्याची आणखी एक युक्ती म्हणून प्रत्येकीला तिळगुळाबरोबर पोळीचा तुकडा चाखायला द्यायला लावला. समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेननी तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "भाभी, हमारी वेढमी भी इतनी सॉफ्ट नहीं होती." (वेढमी म्हणजे गुजराती पुरणपोळी.) दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकू, ज्या कोणाला सहसा चांगलं म्हणत नसत, त्यांनीसुद्धा कूपन दोनदा वाचून पर्समध्ये ठेवलं.

त्यानंतर कितीतरी दिवस एकही कूपन परत आलं नाही. आई बेल वाजायची वाट बघत होती. मी मात्र, "बघ, थिअरी आहे ही," असं म्हणत घरभर फिरत होतो.

होळीला पुरणपोळी करतात हे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या घरात तेव्हा शेंबडं पोर नव्हतं, बी.कॉम.चं होतं.

सकाळी आई घरापुरतं पुरण वाटून उठली आणि बेल वाजली. दारात सावंतकाकू, एका हातात कूपन, दुसऱ्या हातात डबा. "म्हटलं यंदा पुरणाचा घाटच नको घालायला. तुमचं कूपन आहे ना."

त्यांना आत बसवतोय तोवर हंसाबेन आल्या. मग तिसऱ्या मजल्यावरची, मग चौथ्या मजल्यावरची, मग जिन्यात रांग. आईने पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आज होळी आहे रे."

"कळलं मला."

"आत्ता कळलं?"

मी पटकन माणशी दोन पोळ्यांचं रेशनिंग जाहीर केलं. सावंतकाकूंनी कूपन माझ्या नाकासमोर धरलं. "पाच लिहिलंय." रांगेत मागून कोणीतरी म्हणालं, "संपत आलंय वाटतं," आणि रांग एक पायरी पुढे सरकली.

अशा वेळी अफवा रोखायची आणि लोकांना धीर द्यायचा, हेही सरांनी शिकवलं होतं. मी धावत खाली गेलो आणि सोसायटीच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ए विंगमध्ये पुरणपोळ्या भरपूर आहेत. कोणीही घाबरू नये.'

तोपर्यंत कोणीही घाबरलं नव्हतं. आता घाबरलं. ज्या कूपन विसरल्या होत्या त्यांना ते आठवलं. ज्यांची हरवली होती त्यांनी कपाटं उपसली. बी विंगमधले लोक तर कूपनाशिवायच आले. वॉचमनने विचारलं, "साब, ऊपर फ्री में कुछ मिल रहा है क्या?"

शेवटचा उपाय म्हणजे बाहेरून उचल. रिक्षा पकडून मी भाईंदरला केबिन रोडवर गेलो, एका फरसाणवाल्याकडून पोळ्यांची पाकिटं उचलली आणि घरी येऊन गुपचूप आईच्या पोळ्यांमध्ये मिसळली. सावंतकाकूंनी डबा उघडला, एक पोळी दुमडली. ती कडकन मोडली.

"वहिनी, ही तुमची नाही."

आई लाटणं हातात घेऊनच दाराशी आली. तिचे डोळे भरले होते. "नाही माझी," ती म्हणाली. "माझी डाळ संपली. तुम्ही पहिल्यांदाच न बोलावता माझ्या दारात आलात, आणि मला जमत नाहीये हो."

मला जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

सावंतकाकूंनी डबा बाजूला ठेवला. म्हणाल्या, "एवढंच ना? डाळ आहे माझ्याकडे. कुकर लावते आणि येते." हंसाबेन म्हणाल्या, "मैं बेलन लाती हूँ. पण गूळ कमी टाकू नका हां." बघता बघता आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. कोणी पुरण वाटतंय, कोणी कणीक तिंबतंय, कोणी नुसतीच ओट्यावर चढून सूचना देतंय. मी म्हणालो, "थोडी कामाची विभागणी केली तर..."

"तू बाहेर बस," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. त्यात आईचा आवाज सगळ्यात मोठा होता.

वॉचमन गंमत बघायला वर आला होता, त्याच्याशेजारी जिन्यात जाऊन मी बसलो. आतून हसण्याचा आवाज येत होता. मीरा रोडला आल्यापासून आईला असं हसताना मी ऐकलं नव्हतं, त्यामुळे मलाही छान वाटलं. मग मी कान देऊन ऐकलं. आई माझा आवाज काढून सांगत होती, "आई, असं होत नाही. परवाच सरांनी शिकवलं."

त्या दिवसापासून आईला बोलायला बायका मिळाल्या त्या मिळाल्याच. पण रोज गप्पा मारायच्या म्हणजे विषय लागतो. त्याचा पुरवठा मी आजतागायत करतोय, आणि मागणी अजून काही घटलेली नाही.