खांबावरची काच

जो फ्लॅट आम्ही शेवटी घेतला नाही, तो आम्हां दोघांनाही फार आवडला होता. पूर्वेची खिडकी, ऐसपैस स्वयंपाकघर, नळाला भरपूर पाणी. बघून खाली आल्यावर हे स्कूटर काढायला गेले आणि मी पार्किंगमध्ये थांबले. समोरच्या खांबाला तिरकी भेग होती. तिच्यावर काचेची आडवी पट्टी चिकटवलेली, मधोमध तडकलेली.

तळमजल्यावरच्या एक बाई कपडे वाळत घालत होत्या. मी विचारलं, "ही काच कशाला हो?"

"भेग वाढतेय का कळावं म्हणून इंजिनिअरनं लावलीय. वाढली की काच तडकते. ही तिसरी."

वर कुणाची तरी मुलं धपधप धावत होती. घर बघताना आपण भिंतींचा रंग बघतो; ज्यावर भिंती उभ्या, त्याला टेकवून स्कूटर लावतो.

"चल ना," यांनी हाक मारली. मलाही पळायचंच होतं, तरी तोंडून निघालं, "मग तुम्ही कशा राहता इथं?"

त्यांनी साडीला चिमटा लावला. "पळता यावं म्हणून रात्री दाराला कडी लावत नाही."