साहेबाची मेलों

बेळगावच्या कॅम्पातल्या फ्रेंच साहेबाला मी मराठी शिकवायला जाऊ लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने मला बंगल्याच्या मागे नेलं, मांडवावर चढलेल्या एका वेलावर हात ठेवला आणि छाती फुगवून म्हणाला, "मेलों!"

मी पडलो मास्तर. चूक दिसली की माझी जीभ वळवळते. म्हणालो, "साहेब, मेलेला माणूस बोलत नाही. 'मरतो आहे' म्हणा."

मग उलगडा झाला. मेलों हे द्राक्षाच्या जातीचं नाव होतं. साहेबाच्या गावाजवळ एक मोठी नदी समुद्राला मिळते, तिथल्या पांढऱ्या द्राक्षांची ही जात. पान खरबुजाच्या पानासारखं वाटोळं, म्हणून नाव खरबुजाचं. द्राक्षाला खरबूज म्हणणारे हे लोक जगाला अक्कल शिकवायला निघतात, याचं मला तेव्हाही नवल वाटलं.

साहेब रेल्वेच्या पुलांच्या कामावर आला आणि नोकरी संपल्यावर बेळगावलाच राहिला. गावाकडून आणलेल्या वेलाच्या काड्यांपैकी एकच जगली. तिची द्राक्षं बारीक, हिरवट आणि आंबट. अर्धी पाखरं खायची, उरलेल्यांची साहेब वाइन करायचा आणि ती महिनोन् महिने तळाच्या गाळावरच ठेवायचा. गाळ उपसला की तिचा जीव जातो, असं त्याचं म्हणणं. कॅम्पातले गोरे अधिकारी पडले व्हिस्कीवाले. त्यांच्यातल्या एकाने ती तोंडात घेऊन सरळ कुंडीत थुंकली होती. तेव्हापासून साहेबाचा एकच ध्यास होता, कुणीतरी ती मन लावून प्यावी आणि कशी लागते ते सांगावं.

ते झेंगट माझ्या गळ्यात पडलं. रोज धडा संपला की ग्लास पुढे यायचा. मी घोटभर घ्यायचो आणि म्हणायचो, "छान."

"छान म्हणजे काय?" साहेब विचारायचा.

"छान म्हणजे छान."

साहेबाचा चेहरा पडायचा. शिकवणी हातची जाऊ नये म्हणून मी दुसऱ्या दिवशी "फारच छान" म्हणायचो. घरी जाताना दोन लवंगा चघळायचो, तरी आक्काला वास यायचाच. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वाइनचं नाव ऐकून ती म्हणाली, "नाव तरी खरं ठेवलंय मेल्यानं! आन् तू रं? निपाणीकरांस्नी कळलं तर पोरगी देतील व्हय तुला?"

खरी भीती तीच होती. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याची मुलगी मी नुकतीच पाहून आलो होतो. ती मला मनापासून आवडली होती, इतकी की वर्गात फळ्याकडे तोंड करून मी उगाच हसायचो. निपाणीहून उत्तर यायचं होतं आणि मुलीचे वडील, सगळे त्यांना अण्णा म्हणत, तिथल्या दारूबंदी सभेचे अध्यक्ष होते. गावाला तंबाखूची चटक लावून हा गृहस्थ दारूवर तासतासभर बोलायचा. मधे थांबायचा तो चिमूट तोंडात टाकायला.

आणि एके दिवशी हेच अण्णा, होणारा जावई करतो काय ते बघावं म्हणून, न कळवता साहेबाच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. माझ्या हातात ग्लास होता. तो लपवावा कुठे तेच सुचेना. साहेबाला पाहुणा दिसल्याचा कोण आनंद! त्याने दुसरा ग्लास भरून अण्णांपुढे धरला आणि म्हणाला, "मेलों!"

"कोण मेलं?" अण्णा दचकले.

मी घाईघाईने सगळं सांगितलं. अण्णांनी डोळे वटारले. पण जन्म गेला होता तंबाखूचं पान नाकाला लावण्यात. ग्लास हातात आला आणि त्यांच्याही नकळत नाकाशी गेला.

"वास घेणं म्हंजे पिणं न्हवं," ते मला म्हणाले.

"नाही, अण्णा."

पुन्हा वास घेतला. "जिभंला लावणं म्हंजेबी पिणं न्हवं."

"मुळीच नाही."

मग त्यांनी डोळे मिटले. पानाची प्रतवारी करताना करत असतील तसे ओठ आवळले आणि जीभ फिरवली. माझं लग्न त्या ग्लासात बुडालं, असं मला वाटलं.

"ह्यो माल आल्या आल्या काय बोलत न्हाय," अखेर ते म्हणाले. "मुकाट बसतुय. कैरीच्या सालीगत जरा चावतुय. मग मागनं, जिभंच्या कडंला, मीठ लागतंय. लई न्हाय, चिमूटभर. खोटा माल वरडतुय मास्तर. ह्यो वरडत न्हाय. खरा माल हाय."

साहेबाला पुस्तकी मराठी येत होतं, निपाणीचं नव्हे. मी मराठीचं मराठीत भाषांतर करून सांगितलं. 'मीठ' ऐकल्याबरोबर साहेब खुर्चीतून उठला.

"समुद्र!" तो म्हणाला. "ह्यांना माझा समुद्र लागला!" आणि भर दुपारी, दोन परक्या माणसांसमोर, तो रडू लागला. अण्णांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि दुसरा हात ग्लासासकट पुढे केला.

त्यानंतर अण्णांची बेळगावातली कामं एकाएकी वाढली. दर आठवड्याला स्वारी हजर. दारूबंदीची भाषणं चालूच होती, उलट ती आता जास्त रंगायची. दोघं म्हातारे वेलाखाली बसायचे आणि मी मधे बसून इकडचं तिकडे करायचो. अण्णा पिताहेत म्हटल्यावर माझ्या पिण्याचा प्रश्न मिटला, असं समजून मी निर्धास्त होतो. पण लग्नाचं अक्षर काही निघेना. शेवटी एका दुपारी मीच धीर करून विचारलं, "अण्णा, आमचं काय ठरवलंत?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तुमास्नी पोरगी द्यायची न्हाय, मास्तर."

"मी पितो म्हणून?"

"पिऊ दे की. पर वरीसभर ही पिताय आन् छानच्या फुडं गाडी गेली न्हाय, असं साहेब सांगतुय. आमच्या घरी पोरगी बघितलासा, कशी वाटली इचारलं, तर तितंबी छानच म्हणालासा. आवो, माझी पोरगी म्हंजे काय पावसाळी छत्री हाय?"

मला राग आला, रडूही आलं, आणि त्या भरात मी बोलत सुटलो. म्हणालो, "अण्णा, तुम्ही मला तिला काहीतरी विचारायला लावलंत. मला व्याकरणाशिवाय काय येतं? मी विचारलं, तंबाखू तो की ती? मान खाली होती तिची, पण ती म्हणाली, 'विकायचा तो, खायची ती.' आणि तुमच्याकडे चोरून बघितलं, तुम्हाला झोंबलं का ते बघायला. चहा देताना माझ्या बशीत सांडला, तर सगळ्यांदेखत तिने तो शांतपणे परत कपात ओतला. मी तिथंच गारद झालो. सबंध आयुष्य तिच्याशी वाद घालत काढावं आणि रोज हरावं, असं वाटलं मला. पण समोर तुमचे दहा पाहुणे बसलेले. तोंडातून फक्त छान निघालं."

 अण्णांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"ह्ये तवा का न्हाय बोललासा, मास्तर?" ते म्हणाले. "परवाच पोरीसाठी कोगनोळीकरांस्नी शब्द दिला की वो मी."

आमच्या भराभर बोलण्यातलं काहीच न कळलेल्या साहेबाने उत्सुकतेने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात ते?"

"आणखी थोडी हवी, म्हणतात," मी म्हणालो.

साहेब खुश झाला. त्याने दोघांचेही ग्लास काठोकाठ भरले. मी माझा एका दमात संपवला आणि त्याला म्हणालो, "साहेब, फार आंबट आहे ही. मला ती कधीच आवडली नाही."