चुरगळलेली बाही

मावशी लाँड्रीत इस्त्री करते, आणि तिच्याच घरात वाढलेल्या माझा एकही शर्ट कधी धड नसतो. गिऱ्हाइकांना ती माझी ओळख "माझ्या ताईचा मुलगा" अशी करून देते, ते या शर्टांच्या लाजेपायी, असं मी तिला चिडवतो. खरं कारण आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. माझी आई गेली तेव्हा मी जेमतेम बोलायला लागलो होतो. मला सांभाळायला मावशीनं कॉलेज सोडलं, पण बहिणीची जागा बळकावली असं कुणी म्हणू नये, याची तिनं जन्मभर काळजी घेतली.

यंदा तिनं ती अर्धवट पदवी पुन्हा हातात घेतली. सगळे पेपर सुटले, मानसशास्त्राची प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा तेवढी राहिली. अभ्यास झाला तो इस्त्रीच्या टेबलापाशीच. कॉलर करताना एक सिद्धांत, बाही करताना दुसरा. मालक म्हणायचे, "तुझ्याबरोबर माझ्या गिऱ्हाइकांचे शर्टही पदवीधर होणार."

परीक्षेला प्रयोगासाठी एक माणूस सोबत न्यायचा होता. मी गेलो. प्रयोग झकास पार पडला. मग परीक्षक बाईंनी विचारलं, "अभिजात अभिसंधान म्हणजे काय?"

कालपर्यंत मावशीला तोंडपाठ होतं, आणि आता एक अक्षर आठवेना. तिचे हात मांडीवर नुसते पडून होते. एवढी मेहनत पाण्यात जाणार? आणि मला एकदम सुचलं. मी माझी चुरगळलेली बाही टेबलावर तिच्यासमोर ठेवली.

तिचा तळवा आपसूक बाहीवरून फिरू लागला. शिवणीपाशी पोचला आणि गाडी सुटली.

"हा लहान असताना त्याला इस्त्रीचा चटका बसला," ती म्हणाली. "वाफ फुसफुसली आणि त्याच क्षणी चटका. त्यानंतर नुसती फुसफुस ऐकली तरी हा हात मागे घ्यायचा. आवाजाची आणि चटक्याची सांगड बसली. हेच अभिजात अभिसंधान."

"आणि साधक अभिसंधान?"

"यानं मोज्यांच्या जोड्या लावल्या की मी गोष्ट सांगायचे. म्हणून हा रोज जोड्या लावायचा. गोष्ट हे बक्षीस, म्हणजेच प्रबलन."

मी थक्क झालो. माझं अख्खं बालपण अभ्यासक्रमात होतं, आणि मला पत्ताच नव्हता.

बाई पुढे झुकल्या. "मग मघाशी कुठे अडलात?"

मावशी खुदकन हसली. "जिथे शिकले तिथल्या खुणा इथे नव्हत्या. बाहीला हात लागला आणि सगळं आठवलं. विस्मरणाच्या धड्यात हेही आहे."

बाई मनापासून हसल्या आणि त्यांनी शेरा लिहिला. माझ्या बाजूनं तो उलटा दिसत होता, तरी मी वाचला: उत्तीर्ण. खुर्चीवर चढून ओरडावं असं वाटलं मला.

"हे तुमचे कोण?" पेनाला टोपण लावता लावता बाईंनी सहज विचारलं.

मावशीचा हात अजून माझ्या बाहीवरच होता.

"माझा मुलगा," ती म्हणाली.